मदत हवी आहे: पहिल्यांदाच एकटी भाड्याने राहते आहे, वीज-गॅस-पाण्याच्या खर्चाचा अंदाज कसा बांधावा?

नमस्कार. मी समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यातल्या एका गावी जानेवारीअखेरीस रुजू झाले आणि १ फेब्रुवारीपासून आरोग्य उपकेंद्राजवळच एक खोली, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर एवढी जागा भाड्याने घेतली आहे. घरी लाईटबिल बाबा भरायचे, सिलिंडरचा नंबर आई लावायची, आणि वसतिगृहात सगळे फीमध्येच यायचे. त्यामुळे सव्विसाव्या वर्षी प्रथमच मला एका पंख्याला महिन्याकाठी किती पैसे लागतात, असा प्रश्न पडला आहे.

घरमालक काका-काकू शेजारच्या भागात राहतात. महावितरणचे मीटर त्यांच्या नावावर एकच आहे आणि माझ्या भागाला त्यांनी सब-मीटर लावून दिले आहे. त्यांनी माझ्यापुढे दोन पर्याय ठेवले आहेत: सब-मीटरप्रमाणे युनिटला १२ रुपये, किंवा वर्षभर दरमहा सरसकट १००० रुपये. मार्चअखेरपर्यंत मला एक पर्याय निवडायचा आहे, कारण करार त्यानंतर नोंदवायचा आहे. महावितरणचा पहिल्या १०० युनिटांचा दर सहा रुपयांच्या आसपास असल्याचे माझ्या वाचनात आले, तेव्हा १२ रुपये म्हणजे सरळ दुप्पट आकारणी आहे, असे मला वाटते. मात्र काका तसे वागणारे वाटत नाहीत, म्हणून बोलण्याआधी इथे विचारते आहे.

दुसरी शंका अशी की फेब्रुवारीत सब-मीटरवर ७१ युनिट पडले. माझ्याकडे जुना एकदारी फ्रिज, तीन एलईडी दिवे, पंखा, आंघोळीच्या पाण्यासाठी १५०० वॅटचा रॉड, लॅपटॉप, मिक्सर आणि इस्त्री एवढेच आहे. वॅट गुणिले तास भागिले हजार, या शाळेत शिकलेल्या सूत्राने मी फ्रिजला १५, रॉडला १४, पंख्याला ६, दिव्यांना ५ आणि बाकी किरकोळ ७ धरून ४७ युनिट काढले. उरलेली २४ युनिट कुठे गेली ते कळत नाही. अजून कूलर सुरूही झालेला नाही, आणि ब्रह्मपुरी इथून जवळच असल्याने मे महिन्यात काय होणार याची कल्पना करवत नाही. गॅस आणि पाण्याचाही अंदाज सांगावा.

प्रतिसाद १

ताई, मी वीज वितरणात तंत्रज्ञ म्हणून आयुष्य काढले आणि आता वर्ध्याला निवृत्त जीवन जगतो आहे. तुमचे सूत्र बरोबर आहे, चूक दर समजून घेण्यात होते आहे. घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. पहिल्या १०० युनिटांना वहन आकारासह (म्हणजे वीज घरापर्यंत वाहून आणण्याच्या आकारासह) सुमारे सहा रुपये, १०१ ते ३०० या टप्प्याला सुमारे साडेअकरा, आणि ३०१ ते ५०० या टप्प्याला पंधरा रुपयांच्या वर, असे ढोबळ गणित डोक्यात ठेवा. त्यावर साधारण १३० रुपये स्थिर आकार येतो, जो तुम्ही महिनाभर कुलूप लावून गावी गेलात तरी चुकत नाही. या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क लागते. इंधनाच्या खर्चाप्रमाणे लागणारा इंधन समायोजन आकार महिन्यागणिक बदलतो, म्हणून तो वेगळा धरून थोडी जागा ठेवावी. नेमके दर बिलाच्या मागे छापलेले असतात. बहुतेक लोक बिलाची मागची बाजू कधीच पाहत नाहीत.

आता तुमचा उन्हाळा मांडू. कूलर पंपासकट २०० वॅट धरला आणि तो रात्री दहा तास व दुपारी दोन तास चालला, तर दिवसाला २.४ आणि महिन्याला ७२ युनिट होतात. जुना ७५ वॅटचा पंखा सोळा तास चालला तर ३६, उन्हात धापा टाकणारा फ्रिज २०, दिवे आणि किरकोळ मिळून १२, असे एकूण १४० युनिट होतील. तुमचे स्वतंत्र मीटर असते तर १०० युनिटांचे ६००, वरच्या ४० चे ४६०, स्थिर आकार १३०, म्हणजे ११९० आणि शुल्क धरून १३८० रुपये झाले असते. हिवाळ्यातल्या ४७ युनिटांचे असेच गणित केले तर पावणेपाचशेच्या आसपास येते.

पण तुमचे मीटर स्वतंत्र नाही, आणि सारा घोळ तिथेच आहे. काकांकडून मागच्या वर्षीचे बिल मागून घ्या, त्यावर मागच्या महिन्यांचा वापर दिलेला असतो. खोली तेव्हा रिकामी असेल तर तो आकडा फक्त त्यांचा. समजा मे महिन्यात त्यांचे २६० युनिट होते. त्यात तुमचे १४० मिळवले की एकाच मीटरवर ४०० होतात, आणि शेवटची १०० युनिटे थेट पंधरा-साडेपंधराच्या टप्प्यात जातात. असे बिल शुल्कासह ५३०० रुपयांच्या घरात जाईल, म्हणजे सरासरी युनिटला सव्वातेरा रुपये. १२ रुपये घेऊन काका मे महिन्यात पदरचे घालणार आहेत. हिवाळ्यात त्यांचे ९० आणि तुमचे ४७ असतील तर हीच सरासरी दहाच्या खाली उतरते आणि तिथे त्यांना थोडे जास्त मिळतात. तेव्हा यात लुबाडणूक नाही, एका मीटरवर दोन चुली मांडल्या की असे होणारच.

माझे मत विचाराल तर १२ रुपयेही नको आणि १००० ही नको. दर महिन्याच्या बिलाची एकूण रक्कम भागिले एकूण युनिट, गुणिले तुमची युनिट, एवढेच करारात लिहून घ्या. थकबाकी किंवा मागचे व्याज त्यात मिसळलेले नाही, एवढे मात्र दर वेळी पाहत जा. स्वतंत्र जोडणीसाठी मालकाबरोबरच भोगवटादारालाही, म्हणजे तिथे राहणाऱ्यालाही, अर्ज करता येतो, वीज कायदा, २००३ च्या कलम ४३ मध्येच तसे आहे. तुमच्या वापराला त्यातून वर्षाला दोन-अडीच हजार वाचतीलही, पण ठेव, जोडणीचा खर्च आणि काकांची नाहरकत हे सगळे अकरा महिन्यांसाठी करावे, असे मला वाटत नाही.

आता २४ युनिटांबद्दल. सब-मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि त्याच्याजवळ ३२०० किंवा १६०० असा आकडा छापलेला असतो. तितक्या वेळा दिवा लुकलुकला की एक युनिट. तुमच्या खोलीचा मेन स्विच पूर्ण बंद करा आणि दिव्याकडे पाहत बसा. मेन बंद असताना तो लुकलुकला, तर वीज दुसरे कोणी तरी घेते आहे.

प्रतिसाद २

मी गोंदिया जिल्ह्यात शिक्षिका आहे आणि नऊ वर्षांपासून भाड्याच्या घरात राहते. विजेबद्दल दादांनी इतके नीट सांगितले आहे की मी त्यात भर घालत नाही. फक्त कूलरच्या ताट्या मार्चमध्येच बदलून घ्या. जुन्या ताट्यांवर क्षार साचून हवा अडते, खोली गार होत नाही, आणि मग आपण तो रात्रभर वाढवून ठेवतो.

गॅसचा अंदाज बांधण्याची सोपी रीत म्हणजे सिलिंडर लावला त्या दिवशी ओट्यामागच्या भिंतीवर तारीख लिहिणे. १४.२ किलोचा सिलिंडर दोन वेळा पोळी-भाजी-भात करणाऱ्या एका माणसाला मला अडीच महिने पुरतो, आंघोळीचे पाणी त्यावर तापवले तर दीडच महिना. आमच्याकडे पावती नऊशेच्या वर येते, म्हणून मी दरमहा साडेतीनशे बाजूला ठेवते. रिकाम्या सिलिंडरचे वजन त्याच्या वरच्या कड्याजवळ कोरलेले असते. घरपोच देणाऱ्याकडे काटा असतो, त्याला वजन करून दाखवायला सांगण्यात संकोच करू नये. मध्येच किती उरला हे पाहायचे असेल तर ओले फडके सिलिंडरवरून फिरवा. आत द्रव गॅस असेल तिथपर्यंतचा भाग उशिरा वाळतो. नवीन जोडणी घेतलीत तर २०२२ मध्ये वाढलेल्या दराने सिलिंडरची २२०० आणि रेग्युलेटरची २५० रुपये अनामत भरावी लागते. ती परत मिळते, पण पहिल्या महिन्याच्या खर्चात ती धरायचे सगळेच विसरतात. मीही विसरले होते.

पाणीपट्टी ग्रामपंचायतीला वर्षाची एकदम भरली जाते आणि ती बहुधा मालकच भरतो, मात्र भाड्यात धरली आहे का ते विचारून ठेवा. खरा खर्च पिण्याच्या पाण्याचा होतो. गावात आरोचे केंद्र असेल तर २० लिटर अगदी स्वस्तात मिळते, पण तिथून आणायचे कोणी हा प्रश्न असतो. घरपोच जार घेतला की महिन्याचे तीनशे-चारशे कुठे जातात ते कळत नाही. मोबाईलचा रिचार्जही २८ दिवसांचा असतो, महिन्याचा नाही. वर्षाला तो बारा वेळा नव्हे, तेरा वेळा करावा लागतो.

पुन्हा प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे करून पाहिले ते सविस्तर लिहिते, कारण दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल.

माझ्या सब-मीटरवर ३२०० हा आकडा आहे. पहिल्या रात्री मेन बंद करून मोबाईलच्या उजेडात पंधरा मिनिटे मीटरसमोर उभी राहिले, दिवा एकदाही लुकलुकला नाही. मग मेन चालू करून फक्त कूलर लावला आणि पाच मिनिटांत ५६ लुकलुकी मोजल्या. तासाला ६७२, म्हणजे २१० वॅट. कूलरवरची चिठ्ठी केव्हाच विरघळून गेली आहे, त्यामुळे हा आकडा दुसऱ्या कशानेही मिळाला नसता.

पण २४ युनिटांचे कोडे सुटेना. तेव्हा सलग तीन दिवस रात्री झोपताना, पहाटे उठल्यावर आणि तासाभराने पुन्हा मीटर वहीत उतरवले, तर पहाटे साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान आकडा दररोज पाऊण युनिटाने पुढे जात होता. त्या वेळेत मी ना रॉड लावते ना इस्त्री. चौथ्या दिवशी पावणेसहालाच मेन बंद करून मीटरजवळ जाऊन बसले. सहाला दहा कमी असताना मागच्या वाडीत विहिरीवरची मोटर घरघरली आणि त्याच क्षणी माझ्या मीटरचा दिवा सेकंदाला जवळजवळ एक या वेगाने लुकलुकू लागला. माझा मेन बंदच होता.

काकांना तिथेच हाक मारून दिवा दाखवला. ते बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले, आणि मग त्यांच्या लक्षात आले की ही खोली पूर्वी त्यांच्या मुलाची असताना मोटरची वायर याच बाजूने ओढली होती, आणि मागाहून सब-मीटर बसवणाऱ्याने ती माझ्या मेनच्या आधी पण सब-मीटरच्या नंतर तशीच राहू दिली. एक अश्वशक्तीची मोटर रोज चाळीस-पंचेचाळीस मिनिटे चालते, म्हणजे महिन्याला वीस-एकवीस युनिट. उरलेली तीन-चार माझ्या फ्रिजच्या खात्यावर टाकते, तो तितका साधा दिसत नाही.

बिलही त्यांनी लगेच आणून दिले. मागच्या वर्षीच्या मे महिन्यात त्यांचा वापर २४८ युनिट होता, दादांनी समजून धरलेल्या आकड्याच्या अगदी जवळ. माझे वर्षभराचे युनिट मी ९८८ काढले आहेत: एप्रिल ते जून १४० प्रमाणे, मार्चला १००, जुलै ते ऑक्टोबर पंख्यापुरते ७० आणि हिवाळ्याचे चार महिने ४७ प्रमाणे. १२ रुपयांनी त्याचे ११,८५६ होतात आणि सरसकट पर्यायाचे १२,०००. दोन्ही पर्याय इतके सारखे निघतील असे वाटले नव्हते. काका म्हणाले, त्यांनी कसलेही गणित केले नव्हते, शेजारी जे घेतात तेच सांगितले.

एकूण बिल भागिले एकूण युनिट, हे त्यांना मान्य आहे. अडचण एवढीच की महावितरणचे वाचन महिन्याच्या पहिल्या आठवड्यात केव्हाही होते, आणि मी सब-मीटर १ तारखेला पाहते. या चार-सहा दिवसांच्या फरकाचे काय करावे?

प्रतिसाद १

बिलावर मागील आणि चालू वाचनाच्या तारखा छापलेल्या असतात. मीटरवाचक येऊन गेला की त्याच दिवशी सब-मीटर पाहायचे, एवढे काकूंना सांगून ठेवा, कारण दिवसा घरी त्याच असतील. एखाद्या महिन्यात वाचन न होता सरासरीचे बिल आले, तर त्या महिन्यात हिशेब करू नका. अंदाजे उचल द्या आणि प्रत्यक्ष वाचनाचे बिल आल्यावर वळते करून घ्या. आणि बिलाच्या तारखेपासून सात दिवसांत भरणा झाला तर एक टक्का सूट मिळते, म्हणून तुमचा वाटा त्याआधी काकांच्या हाती जाईल असे पाहा.

पुन्हा प्रश्नकर्ती

तसेच ठरले. काकू मीटरवाचक आला की दाराआडच्या कॅलेंडरवर दोन्ही मीटरचे आकडे लिहिणार आहेत. उन्हाळ्याचे १४० युनिट आणि सव्वातेराचा दर धरून मी एप्रिल ते जून विजेसाठी दरमहा १९०० रुपये बाजूला ठेवते आहे, गॅससाठी ३५०, आणि पाणी मी स्वतः सायकलवर आणणार असल्याने त्याचे १००. मोटरची वायर बदलायला वायरमन येत्या रविवारी येतो आहे. फेब्रुवारीच्या ७१ मधून २१ युनिट कमी करून काकांनी कॅलेंडरवर ५० असे लिहिले आहे आणि खाली सही केली आहे.