बी विंग पार्किंग: संध्याकाळच्या उन्हात गाडीची स्क्रीन दिसत नाही

अनघा बी-७०४: नमस्कार. आज साडेपाचला गाडी बाहेर काढताना जे झालं ते सगळ्यांना कळायला हवं म्हणून लिहिते. रिव्हर्स टाकला, कॅमेरा सुरू झाला आणि स्क्रीनवर काहीच दिसेना. पांढरंफटक. मागून ऊन सरळ आत. सेन्सर वाजला म्हणून ब्रेक दाबला, तर मागे ए विंगची छोटी सायकल धरून उभी. तिला काही झालेलं नाही, पण माझे हात अजून थरथरतायत. स्क्रीनवरचं ऊन कमी करायला कोणी काही केलं असेल तर कृपया सांगा. फिल्म, हूड, काहीही.

नाईक ए-४०५: ओपन पार्किंगवर शेड. मी मागच्या एजीएमलाच म्हटलं होतं. मिनिट्समध्ये आहे.

सेक्रेटरी पाटील: अनघाताई, मुलगी सुखरूप आहे ना? पालकांना पुन्हा नम्र विनंती, मुलांना पार्किंगमध्ये एकटं सोडू नये 🙏

साठे बी-३०१: विनंती किती वेळा करणार साहेब? सर्क्युलर लिफ्टमध्ये लावलंय, कोण वाचतं? पार्किंग हे खेळायचं मैदान नाही.

स्नेहल ए-२०३: ती माझीच मुलगी. आधी अनघाताईंचे आभार, त्यांनी वेळेत ब्रेक मारला. आणि साठे काका, मैदान नाही हे मलाही माहीत आहे. गार्डनमध्ये दर शनिवारी-रविवारी कोणाच्या पाहुण्यांच्या गाड्या असतात ते मी इथे लिहीत नाही.

साठे बी-३०१: लिहा ना. सगळ्यांना कळू दे.

सावंत काका ए-१०२: अरे बाबांनो, पोरगी वाचली, देवाची कृपा. आमच्या काळी गाडीला स्क्रीन नव्हती, क्लीनर मागे उभा राहून "आन्दे, आन्दे, बस्स" करायचा. त्याच्यावर कधी ऊन पडून तो दिसेनासा झाला नाही 😄

नाईक ए-४०५: शेड असती तर ऊनच पडलं नसतं.

रोहन ए-६०१: अनघाताई, फिल्म घ्यायच्या आधी एक करून बघा. उद्या त्याच वेळी गाडी उभी असताना, इंजिन बंद, इग्निशन ऑन, हँडब्रेक ओढून रिव्हर्स टाका. मग स्क्रीनवर वर्तमानपत्राने सावली करा. चित्र स्वच्छ दिसलं तर दोष स्क्रीनवर पडणाऱ्या उन्हाचा. तरीही पांढरंच दिसलं तर मागचा कॅमेरा सूर्याकडे बघतोय, मग स्क्रीनला कितीही महाग फिल्म लावा, फरक पडणार नाही. बी विंगची भिंत पूर्वेला आहे. आपण तोंड भिंतीकडे करून लावतो, म्हणजे कॅमेरा पश्चिमेला. जानेवारीत साडेपाचला सूर्य क्षितिजापासून जेमतेम दहा-अकरा अंश वर असतो. सरळ लेन्समध्ये.

रोहन ए-६०१: आणि नाईक काका, तुमचा मुद्दा पावसासाठी आणि मे महिन्यासाठी बरोबर आहे. पण इतकं खालून येणारं ऊन शेडच्या खालूनच आत येतं.

नाईक ए-४०५: शेडला पश्चिमेकडून पत्र्याची झालर सोडता येते. मी कोटेशन टाकलं होतं ग्रुपवर. पुन्हा टाकतो.

सेक्रेटरी पाटील: नाईक साहेब, कोटेशन मिळालेलं आहे. पालिकेच्या परवानगीशिवाय पक्की शेड घालता येणार नाही हे तेव्हाच सांगितलं होतं. कृपया पुन्हा टाकू नका.

नाईक ए-४०५: [दस्तऐवज: शेड कोटेशन सुधारित]

साठे बी-३०१: सोपा उपाय आहे. मागच्या काचेला काळी फिल्म मारा. कुर्ल्याला सीएसटी रोडवर तासाभरात मारून देतात.

रोहन ए-६०१: नका मारू काका. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने काचांवरच्या काळ्या फिल्मवर बंदी घातली. मोटार वाहन नियम १०० प्रमाणे पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून ५० टक्के प्रकाश आत यायलाच हवा. डार्क फिल्म म्हणजे हायवेवर चलान ठरलेलं. आणि काच काळी केली तर रात्री पोडियम पार्किंगच्या अंधारात मागे वळून बघताना आणखी कमी दिसेल. मूल तेव्हाही मागे असू शकतं.

साठे बी-३०१: माझ्या जुन्या गाडीला होती. कोणी अडवलं नाही.

डॉ. लेले ए-८०२: ऊन दोन प्रकारे त्रास देतं, त्याबद्दल थोडं लिहितो. मी रोज बोरिवलीहून वांद्र्याला जातो. सकाळी हायवेवर दक्षिणेकडे तोंड, सूर्य पूर्वेला, म्हणजे डावीकडे. संध्याकाळी उत्तरेकडे परत, सूर्य पश्चिमेला, म्हणजे पुन्हा डावीकडेच. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे परतीला ऊन डाव्या मागच्या दाराच्या काचेतून येऊन थेट मधल्या स्क्रीनवर पडतं. त्यावर अँटी-ग्लेअर फिल्म उपयोगी आहे. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या जेव्हीएलआरवर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) मात्र सूर्य समोर असतो. तिथे स्क्रीनवर ऊन पडतच नाही, डोळेच दिपलेले असतात, म्हणून स्क्रीन काळपट वाटते. तिथे सन व्हायझर खाली घ्या, समोरची काच आतून पुसा. आतला तेलकट थर उन्हात फार चमकतो.

सावंत काका ए-१०२: डॉक्टर, मी गॉगल घातला की माझी स्क्रीन काळी पडते. मुलगा म्हणतो बाबा तुमचे डोळे गेले. डोळे दाखवायला येऊ का?

डॉ. लेले ए-८०२: डोळे शाबूत आहेत काका. गॉगल पोलराइज्ड असणार. एलसीडी स्क्रीनचा प्रकाश एकाच दिशेने पोलराइज्ड असतो. गॉगलची दिशा त्याला आडवी आली की तो अडतो. मान थोडी तिरकी करून बघा, दिसायला लागेल. तेवढ्याने जमत नसेल तर गाडीसाठी साधा, पोलराइज्ड नसलेला गॉगल ठेवा.

सावंत काका ए-१०२: म्हणजे आता मान वाकडी करून गाडी चालवायची. सौभाग्यवती म्हणतील कोणाकडे बघताय 😄

स्नेहल ए-२०३: कृपया विषयावर राहू या का?

कुलकर्णी काकू बी-००२: विषयावरच बोलते. आता कोणीतरी म्हणेल गाड्या उलट्या लावा, तोंड बाहेर, म्हणजे निघताना रिव्हर्सच नको. तर आधीच सांगून ठेवते. दोन वर्षांपूर्वी तसं लावत होते तेव्हा सायलेन्सर माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून असायचा. सकाळी सातला चार गाड्या एकदम सुरू. यांचा दमा सगळ्यांना माहीत आहे. तोंड भिंतीकडे हा ठराव त्यामुळे झाला, कोणाच्या हौसेखातर नाही.

अनघा बी-७०४: काकू, मला त्याची पूर्ण जाणीव आहे. काकांना त्रास होईल असं मी काहीच मागणार नाही.

साठे बी-३०१: पण ठराव सगळ्यांसाठी सारखा का? खिडकी एक, गाड्या बारा. माझी जागा खिडकीपासून लांब आहे. आणि ती मी बिल्डरकडून पैसे मोजून घेतलीय. कशी लावायची ते मी ठरवीन.

सेक्रेटरी पाटील: साठे साहेब, आदरपूर्वक सांगतो, ओपन पार्किंग बिल्डरला विकताच येत नाही. २०१० चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, आपल्या दहिसरच्याच पांचाली सोसायटीच्या केसमध्ये. जागा सोसायटीची, वाटप सोसायटी करते.

साठे बी-३०१: मग माझे पैसे सोसायटी देणार का?

साठे बी-३०१: हा मेसेज डिलीट केला आहे.

नाईक ए-४०५: पश्चिमेकडचा आंबा पुरता होता तोवर तिकडचं ऊन अडत होतं. गेल्या मेमध्ये त्याची अर्धी फांदी कोणी तोडायला लावली ते एकदा समोर येऊ दे. तेव्हापासून शेडची गरज वाढलीय.

सेक्रेटरी पाटील: छाटणी पालिकेच्या उद्यान विभागाच्या परवानगीने झाली. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगीविना एक फांदीही तोडता येत नाही. पत्र ऑफिसात आहे, येऊन बघा.

अनघा बी-७०४: रोहन, आज संध्याकाळी केलं तसं. वर्तमानपत्र धरल्यावर स्क्रीनचा वरचा भाग दिसायला लागला, मेनू, नकाशा सगळं. पण कॅमेऱ्याचं चित्र मधोमध पांढरंच. म्हणजे दोन्ही आहे.

रोहन ए-६०१: छान केलंत. आता दोन्हींचं वेगवेगळं बघू.
कॅमेरा: आधी लेन्स पुसा. शेजारी रिडेव्हलपमेंट सुरू झाल्यापासून सगळ्या गाड्यांवर सिमेंटची धूळ आहे. लेन्सवर धुळीचा पातळ थर असला की ऊन त्यावर पसरतं आणि अख्खं चित्र पांढरं होतं. ओला मऊ कपडा घ्या, कोरडा घासू नका, ओरखडे पडतात. पुसल्यावर सूर्याभोवतीचा तेवढाच डाग उरेल, खालची जमीन दिसेल. मूल दिसायला जमीन दिसणं महत्त्वाचं.
स्क्रीन: सेटिंगमध्ये डिस्प्ले ऑटोवर आहे का बघा. दिवसा हेडलाइट लागलेले असतील तर बऱ्याच गाड्या रात्र समजून स्क्रीन मंद करतात. पावसाळ्यात आणि कोस्टल रोडच्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर हेच होतं. थीम पांढरी ठेवा. उन्हात काळ्या पार्श्वभूमीवर आपलाच चेहरा दिसतो.

रोहन ए-६०१: फिल्म घेणार असाल तर मॅट आणि अँटी-रिफ्लेक्टिव्ह यात फरक आहे. मॅटमुळे आरशासारखं प्रतिबिंब जातं, पण थेट ऊन पडलं की ती स्वतःच पांढुरकी दिसते आणि अक्षरं थोडी फुटतात. अँटी-रिफ्लेक्टिव्ह महाग, पण तिने परावर्तनच कमी होतं. साध्या काचेचा पुढचा पृष्ठभागच समोरून आलेल्या प्रकाशातला जवळपास चार टक्के परत फेकतो. चार टक्के ऐकायला थोडे वाटतात, पण भर दुपारचं ऊन एक लाख लक्सच्या (उजेड मोजायचं एकक) घरात असतं. त्यातले चार टक्के स्क्रीनच्या स्वतःच्या उजेडाला सहज झाकून टाकतात.

सावंत काका ए-१०२: रोहन, माझी स्क्रीन भर दुपारी आपोआप मंद होते. गॉगल काढला तरी. शोरूमवाला म्हणाला अख्खी स्क्रीन बदला.

रोहन ए-६०१: काका, डॅशबोर्डवर काचेला लागून तुमची गणपतीची मूर्ती आहे ना? तिच्याखाली काळं गोल बटणासारखं काही आहे का?

सावंत काका ए-१०२: आहे. मला वाटलं स्क्रूचं झाकण आहे, म्हणून त्यावरच बाप्पा बसवला.

रोहन ए-६०१: बऱ्याच गाड्यांत तोच उजेडाचा सेन्सर असतो. तो झाकला की गाडीला वाटतं रात्र झाली. बाप्पाला मधे घ्या, मंद होणं थांबेल. डावीकडे मात्र नको. तिथे आत प्रवाशाची एअरबॅग आहे, ती फुटली तर मूर्ती थेट वहिनींच्या अंगावर येईल. डॅशबोर्डवर कापडी मॅट टाकणाऱ्यांनीही तेवढा भाग मोकळा ठेवा. आणि वॉशिंग सेंटरवाल्याला डॅशबोर्डला चकचकीत पॉलिश मारू नको म्हणून सांगा, ती चमक समोरच्या काचेत दिसते.

सावंत काका ए-१०२: आत्ता खाली जाऊन हलवतो. स्क्रीनचे पैसे वाचले, मोदक तुला.

साठे बी-३०१: माझ्या गाडीला सनरूफ आहे. दुपारी वरून ऊन पडतं, त्याचं काय?

रोहन ए-६०१: सनरूफच्या खालचा पडदा ओढा काका. मुंबईत १५ मेच्या आसपास दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, सावलीसुद्धा पडत नाही. तेव्हा तो पडदा लागतोच.

स्नेहल ए-२०३: हे सगळं उपयोगी आहे, पण मला एक सांगा. स्क्रीन कितीही चांगली दिसली तरी सायकलवरचं चार वर्षांचं मूल त्यात दिसेल याची खात्री कोण देणार? मी तिला आता एकटीला खाली पाठवणार नाही. पण पाच ते साडेसहा या वेळात गाडी काढणाऱ्यांनी वॉचमनला मागे उभं करावं, एवढं तरी ठरवा.

डॉ. लेले ए-८०२: पूर्ण सहमत. जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना रिव्हर्स सेन्सर सक्तीचा आहे. अनघाताईंना त्यानेच वाचवलं. ज्यांचा सेन्सर बिघडलाय किंवा आवाज बंद ठेवलाय त्यांनी आजच सुरू करून घ्या.

कुलकर्णी काकू बी-००२: रोहन, तुझी गाडी इलेक्ट्रिक ना? तिला धूर नाही.

रोहन ए-६०१: हो काकू, धूर नाही.

कुलकर्णी काकू बी-००२: मग माझ्या खिडकीसमोरची जागा तू घे. अनघाची गाडी तुझ्या जागी, लांब. तिथे तिने उलटी लावली तरी धूर आमच्याकडे येणार नाही. यांनाही विचारलं, चालेल म्हणाले. खिडकीसमोर मात्र दुसरी कुठलीच गाडी उलटी लागलेली चालणार नाही.

अनघा बी-७०४: काकू, मनापासून आभार. माझी सीएनजी आहे, तरी मी आत वळवतानाच उलटी घेईन आणि सकाळी सरळ बाहेर काढेन.

साठे बी-३०१: म्हणजे ठराव बदलला तर. एका घरासाठी बदलतो, माझ्यासाठी नाही.

सेक्रेटरी पाटील: कोणताही ठराव बदललेला नाही. दोन सदस्यांच्या लेखी संमतीने जागेची अदलाबदल, तीही तात्पुरती. अंतिम निर्णय कमिटीचा. साठे साहेब, आपणही अर्ज द्या, त्याच मीटिंगमध्ये घेतो.

नाईक ए-४०५: मीटिंगच्या अजेंड्यावर शेडही घ्यावी.

सेक्रेटरी पाटील: घेतो. आजपासून पाच ते साडेसहा वॉचमन बी विंगच्या रॅम्पजवळ उभा राहील, हॉर्न न वाजवता त्याला हाक मारा. रोहन आणि अनघाताई, अर्ज उद्या ऑफिसात द्या.

रोहन ए-६०१: फिल्म लावून हवी असेल त्यांनी रविवारी सकाळी पोडियममध्ये या. पंखा बंद ठेवू, धूळ बसली की बुडबुडे राहतात. स्क्रीनला काच पुसायचा स्प्रे मारून आणू नका, काहींच्या कोटिंगला तो चालत नाही. ओला मायक्रोफायबर पुरे.

सावंत काका ए-१०२: बाप्पा मधे बसले. स्क्रीन लख्ख.

सेक्रेटरी पाटील: रविवारी सकाळी टाकी सफाई आहे, दहापर्यंत पाणी नाही. रोहन, कपडे आदल्या रात्रीच ओले करून ठेवा.