मदत हवी आहे: निंबा डोंगरातल्या छोट्या पाकोळ्या (वटवाघळं) कशा ओळखायच्या?

नमस्कार मंडळी,

सध्या कामानिमित्त लायबेरियात, निंबा डोंगराच्या पायथ्याशी आहे. लोहखनिजाच्या प्रकल्पासाठी आजूबाजूच्या जंगलात प्राण्यांची पाहणी चालते, त्यातली वटवाघळं माझ्या वाट्याला आली आहेत. सह्याद्रीत थोडंफार काम केलंय, पण इथल्या पाकोळ्यांनी डोकं उठवलंय.

नाकावर नालासारखी किंवा पानासारखी घडी असलेली निदान गटापर्यंत तरी लागतात. ती एकाच ठरावीक पट्टीत ओरडतात, त्यामुळे रेकॉर्डिंगवरूनही काम भागतं. माझं घोडं अडलंय ते साध्या नाकाच्या, पिपिस्ट्रेलसारख्या (पिपिस्ट्रेलस या छोट्या वटवाघळांच्या गटासारख्या) इवल्याशा पाकोळ्यांपाशी.

ओढ्यावरच्या जाळ्यात मिळालेल्या एका मादीची मापं देतो. अग्रबाहू ३१ मिमी, वजन ४ ग्रॅमच्या आसपास. पाठ काळपट तपकिरी, पोट जरा फिकं. पंख ताणून टॉर्चसमोर धरले तरी काळेच. पिपिस्ट्रेलसमध्ये वरच्या सुळ्यामागे बारीकशी उपदाढ असते, ती भिंगातूनही दिसली नाही. पण एवढंसं जनावर तोंड उघडून किती वेळ धरणार?

माझ्याकडची ओळख पटवायची की (लक्षणांवरून नावापर्यंत नेणारी यादी) जुनी आहे. तिच्यानुसार ही निओरोमिसिया या प्रजातीतली (जीनसमधली) निघते, पण त्या नावाचा आता भरवसा राहिलेला नाही. २०१३ मध्ये निंबाच्या याच बाजूवरून निओरोमिसिया रोझवेरी ही नवी जात जाहीर झाली. २०१९ मध्ये पॅराहिप्सुगो ही अख्खी नवी प्रजाती आली. मागोमाग स्यूडोरोमिसिया आणि अ‍ॅफ्रोनिक्टेरिस असे वेगळे कप्पे झाले आणि रोझवेरीची रवानगी स्यूडोरोमिसियात झाली. आता रिपोर्टात लिहू काय?

(गिनीकडच्या बाजूला २०१८ मध्ये खाणीच्या जुन्या बोगद्यांत मायोटिस निंबाएन्सिस सापडलं, २०२१ मध्ये त्याचं नाव जाहीर झालं. भगवे केस, काळे पंख! असलं काही जाळ्यात आलं असतं तर धागा काढलाच नसता.)

जनावर न मारता आणखी काय बघता येईल? सोडताना केलेलं रेकॉर्डिंग अशा पाकोळ्यांत कितपत उपयोगी पडतं?

प्रतिसाद:
अंगठा बघितलात का? अ‍ॅफ्रोनिक्टेरिस नाना, म्हणजे केळीच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानात राहणारी पाकोळी, तिच्या अंगठ्याच्या बुडाशी जाडसर गादी असते. गुळगुळीत पानाला चिकटून राहायला ती लागते. ट्रॅगस, म्हणजे कानाच्या भोकासमोरची छोटी पाळी, तीही कुऱ्हाडीच्या पात्यासारखी असते. ही दोन्ही लक्षणं असतील तर प्रश्न मिटला, मापंही जुळतात.

नसतील तर काळ्या पंखांमुळे टेनुइपिनिस आणि रेंडाली या जाती बाद करा, त्यांचे पंख पांढुरके. उरलेल्यांत बाहेरून बघून छातीठोक सांगणारा माणूस भेटला तर त्याच्यापासून लांब राहा. नराच्या शिश्नातलं हाड चांगली साक्ष देतं, पण त्यासाठी नमुना संग्रहालयात जावा लागतो. त्यापेक्षा पंखाच्या पडद्याचा ३ मिमीचा पंच (गोल तुकडा) घ्या आणि इथेनॉलमध्ये ठेवा, ते भोक भरून येतं. डीएनए जुळवताना एक सांभाळा: जेनबँकेतल्या (डीएनए क्रमांच्या सार्वजनिक संग्रहातल्या) जुन्या नोंदी जुन्याच नावांनी असू शकतात, म्हणून नावाआधी नमुना कुठला आहे ते वाचा.

रेकॉर्डिंग जरूर करा, पण या गटात आवाज एकमेकांत फार मिसळतात. निव्वळ त्यावर जात ठरवू नका. तोवर रिपोर्टात 'पिपिस्ट्रेलसारखी, काळ्या पंखांची, जात अनिश्चित' एवढंच लिहा आणि मापं जोडा.

धागाकर्ता:
आभार! फोटोंत अंगठा पंखाखाली झाकला गेलाय. आज रात्री पाऊस नसला तर ओढ्यावर पुन्हा जाळं लावतोय, तेव्हा आधी अंगठा आणि ट्रॅगस. पंच घेणं आमच्या परवान्यात बसतं का, हेही विचारून घेतो. कुणाकडे नानाच्या अंगठ्याचा जवळून काढलेला फोटो असेल तर कृपया इथे टाका.