मदत हवी आहे: इलेक्ट्रिक पिकअप लीजवर घ्यायचाय, दोन ऑफर आल्यात, हिशोब तपासून द्याल का?

मंडळी नमस्कार, आमचं फर्निचर बनवून पोचवायचं काम आहे आणि त्यासाठी एक इलेक्ट्रिक पिकअप ट्रक तीन वर्षांच्या लीजवर घ्यायचं चाललंय. दोन डीलरकडून कोटेशन आणलीत आणि तीन दिवस मी वहीत नुसती आकडेमोड करतेय. ज्यांनी स्वतः लीज केलीय त्यांनी प्लीज जरा बघा. खऱ्या रकमा टाकत नाही, ट्रकची स्टिकर प्राइस (कंपनीने छापलेली किंमत) १०० धरलीय, म्हणजे कुणालाही आपल्या ऑफरशी ताडून बघता येईल.

दोन्हीकडे ट्रक तोच, ट्रिम (मॉडेलचा प्रकार) तोच, ३६ महिने, वर्षाला १०,००० मैलांची मर्यादा, आणि रेसिड्युअल ५५, म्हणजे तीन वर्षांनी ट्रक ५५ चा राहील असं लीज कंपनीने धरलंय. हा आकडा कंपनीच ठरवते, डीलरच्या हातात नसतो, त्यामुळे त्यावर घासाघीस करून उपयोग नाही हे एव्हाना कळलंय.

पहिल्याने ८ ची सूट दिली, त्यात अ‍ॅक्विझिशन फी (लीज सुरू करायची कंपनीची फी) १ धरली की झाले ९३, सुरुवातीला ६ भरायचे, राहिले ८७. मनी फॅक्टर ०.००२९. हे म्हणजे व्याजच, पण असं लिहितात की बघून काही वाटतच नाही, २४०० ने गुणा मग कळतं की ते वर्षाला जवळपास ७ टक्के आहे! आता ८७ मधून ५५ गेले ३२, भागिले ३६, म्हणजे घसारा महिन्याला ०.८९. आणि व्याज काढायला ८७ आणि ५५ ची बेरीज करून मनी फॅक्टरने गुणायचं, ते ०.४१. (बेरीज कशी काय, वजाबाकी का नाही, यावर मी अर्धा दिवस अडले होते. सुरुवातीची आणि शेवटची बाकी यांची सरासरी काढायची असते, आणि ते दोनाने भागणं मनी फॅक्टरमध्ये आधीच करून ठेवलेलं असतं.) हप्ता १.३०, तीन वर्षांचे ४६.८ आणि आधीचे ६ मिळून ५२.८.

दुसऱ्याने सूट ५ च दिली, फी धरून ९६, पण सुरुवातीला काहीच भरायचं नाही आणि मनी फॅक्टर ०.००२१, म्हणजे साधारण ५ टक्के. हप्ता येतो १.४६, तीन वर्षांचे ५२.४. टॅक्स, रजिस्ट्रेशन, ट्रक परत देतानाची फी यात नाही, ती दोन्हीकडे सारखीच आहे.

म्हणजे बघा, हप्ता पहिल्याचा कमी दिसतो पण एकूण पैसे त्यालाच जास्त जातात. पहिल्या डीलरच्या माणसाला मी तीनदा मनी फॅक्टर विचारला, तिन्ही वेळा त्याने कागदावर फक्त हप्ता लिहून माझ्यापुढे सरकवला, शेवटी चौथ्यांदा सांगितला. मला याचा फार राग आला. लीज कंपनी तीच असताना एकाकडे ०.००२१ आणि दुसऱ्याकडे ०.००२९, म्हणजे मधला फरक डीलरनेच वर चढवलाय ना? पहिल्याने सूट ८ च ठेवून फॅक्टर ०.००२१ केला तर आधी एक पैसा न भरता एकूण ४९ च्या आसपास बसतं, मी तेवढंच मागायचं म्हणतेय.

आधी पैसे भरायला माझं मन होत नाही याचं अजून एक कारण, ट्रक दुसऱ्याच महिन्यात अपघातात टोटल झाला तर इन्शुरन्सचे पैसे लीज कंपनीला जातात, गॅप कव्हर (इन्शुरन्सचे पैसे आणि लीजची बाकी यातला फरक भरणारं) असलं तरी ते कंपनीची बाकी फेडायला असतं, आपण भरलेले ६ सहसा गेलेच.

नवऱ्याचं म्हणणं, लीज कशाला, सरळ विकत घेऊ. बॅटरीची भीती मलाही नाही, ८ वर्षं किंवा १,००,००० मैलांची वॉरंटी असते. पण इलेक्ट्रिक पिकअपचे सेकंडहँड भाव भराभर उतरतात, आणि तीन वर्षांनी बाजारात याचे ४५ च येत असतील तर तो १० चा खड्डा आपला नाही, कंपनीचा, आपण चावी देऊन मोकळं. मला लीज यासाठीच पटतेय.

आता खरी काळजी मैलांची आणि ट्रेलरची आहे. आमचं वर्षाला १३,००० मैल होतं, म्हणजे तीन वर्षांत ९,००० जास्त. सुरुवातीलाच १३,००० मागितले तर रेसिड्युअल थोडं उतरून हप्ता थोडा वाढेल, पण शेवटी मैलामागे दंड भरण्यापेक्षा ते स्वस्त पडतं असं वाचलंय, तुमचा अनुभव काय? आणि फोर्डच्या एफ-१५० लाइटनिंगला मोठ्या बॅटरीवर ३२० मैलांपर्यंत रेंज सांगतात, पण उंच बंद ट्रेलर मागे लावला की हवेच्या अडथळ्याने असे ट्रक निम्म्यावर येतात. आमची लांबची डिलिव्हरी येऊन-जाऊन १४० मैल आहे, थंडीत ट्रेलरसकट मध्ये चार्ज न करता जमेल का? कुणी खरंच ओढलाय का एवढं?

अजून एक, मागच्या हौद्यात लाकूड टाकलं की ओरखडे येणारच, परत देताना त्याचे पैसे लावतात का, लाइनर टाकून भागतं का? आणि शेवटी ट्रक स्वतःला विकत घेता येईल असं करारात स्पष्ट लिहून घ्यायचं ना, काही कंपन्या ते देतच नाहीत.

पहिल्या डीलरला शनिवारी फोन करायचाय. ०.००२१ मागताना दुसऱ्याचं कोटेशन सरळ दाखवू का नुसता आकडा सांगू?