कोल्हापुरात टेबलावर प्रोजेक्शनवालं जेवण चालेल का?

रंकाळावेस

मंडळी, जरा लांबलचक लिहितोय पण मनापासून मत हवंय. मागं दादाकडं दुबईला गेलेलो तेव्हा त्यानं आम्हा सगळ्यांना एका हॉटेलात नेलं, तिथं टेबलावर वरनं प्रोजेक्टरनं ॲनिमेशन सोडतात. बसलो, दिवे मंद झाले आणि समोरच्या पांढऱ्या प्लेटीत हळूहळू पाणी भरायला लागलं, म्हणजे उजेडाचंच, पण लाट प्लेटीच्या काठाला येऊन बरोब्बर थांबायची आणि परत फिरायची. आईनं पदर सावरला ओ, भिजेल म्हणून. मग एक मासा माझ्या प्लेटीतनं निघाला तो बाबांच्या चमच्याखालनं वहिनीच्या प्लेटीत शिरला, आणि पुतणी टेबलावर हात मारत त्याच्या मागं. गोष्ट संपली की वेटर येणार आणि त्याच जागी खराखुरा मासा ठेवून जाणार. असे चार-पाच कोर्स.

पोट काय भरलं नाही, बाबांनी घरी येऊन चिवडा खाल्ला. पण बाबा आणि दादा, ज्यांचं फोनवर "बरं हाय न्हवं?" च्या पुढं बोलणं जात नाही, ते दोघं त्या माशावरनं हसत बसलेले मी बघितले. तेव्हापासनं डोक्यात एकच, हे आपल्या गावात का नको?

मित्राचा नागाळा पार्कात वरच्या मजल्यावरचा हॉल रिकामा हाय. आठ-दहा जणांचं एकच टेबल, तांबडा-पांढरा, सुकं, आणि आपल्या गावची गोष्ट. लोक येतील का? आणि खर्च, मशिनरी याची कुणाला माहिती असली तर सविस्तर सांगा.

उजेडवाला

भावा, मी गणपतीचे देखावे आणि लग्नातली प्रोजेक्शन मॅपिंगची, म्हणजे वस्तूच्या आकारावर बरोब्बर बसेल असं चित्र पाडायची, कामं करतो त्यामुळं मशिनरीचं सांगतो. यात जादू प्रोजेक्टरची कमी आणि मोजमापाची जास्त असते. हा प्रकार जगभर गाजवला तो बेल्जियमच्या स्कलमॅपिंग नावाच्या दोन कलाकारांच्या जोडीनं, 2015 च्या आसपास, तो जेमतेम सहा सेंटिमीटरचा ॲनिमेशनमधला शेफ प्लेटीवर चालतो ना, तो त्यांचाच. त्यांचं सगळं कसब हे की प्लेट नेमकी कुठं ठेवलीय हे चित्राला माहीत असतं. प्लेट दोन बोटं जरी सरकली तरी लाट काठाला न थांबता टेबलावर सांडल्यागत दिसते आणि मग मजा गेलीच. म्हणून टेबलावर प्लेटीसाठी अगदी बारीक खूण किंवा खाच करून घ्यायची, आणि वाढणाऱ्या पोरांना ती पाठ पाहिजे.

आता उंची. समज स्लॅब 10 फुटाचा, टेबल अडीच फूट, मशीन आणि स्टँड एक फूट खाणार, म्हणजे हातात राहिले साडेसहा. साध्या लेन्सच्या प्रोजेक्टरला, ज्याचा थ्रो रेशो (म्हणजे अंतर भागिले चित्राची रुंदी) 1.2 असतो, त्याला एवढ्या अंतरात साधारण साडेपाच फूट रुंद चित्र मिळणार, म्हणजे चार जणांचं टेबल झालं. दहा जण बसवायचे तर शॉर्ट थ्रो, म्हणजे कमी अंतरातनं मोठं चित्र पाडणारा, घे, किंवा दोन मशीन लाव आणि मधली कड एकमेकांत मिसळून घे. दोन असली तर सावलीचाही त्रास कमी, कारण माणूस घास घ्यायला वाकला की डोक्याची सावली पडतेच. आणि लॅम्पवाला जुना प्रोजेक्टर स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नको, तोंड सरळ खाली करून टांगला की बऱ्याच लॅम्पवाल्यांना ते गरम होण्यामुळं चालत नाही. लेसरवाला घे, कंपनी कुठल्याही कोनात चालतो असं लिहून देते तो.

सगळ्यात महत्त्वाचं, स्टीलचं ताट विसर. उजेड त्यावरनं उसळून थेट डोळ्यात जातो. मॅट पांढरी भांडी, पांढरंच टेबल.

खानावळवाल्या_काकी

स्टीलचं ताट नको म्हणताय ते समजलं पण माझी शंका वेगळी हाय. आमच्याकडं माणूस बसला की ताट एकदम भरून येतं. सुकं, दोन्ही रस्से, भाकरी, कांदा, लिंबू, सगळं समोर, आणि मग तो त्याच्या मर्जीनं खातो. कुणी आधी पांढरा पिऊन घेतो, कुणी भाकरी कुस्करून तांबड्यात भिजवून ठेवतो, कुणी शेवटी भातावर दोन्ही एक करतो. आणि रस्सा मागेल तेवढा. ही गोष्ट दाखवायची पद्धत म्हणजे एक पदार्थ आला, संपला, मग दुसरा. मग माणसानं "काकी रस्सा आणा" म्हटल्यावर तुमचा मासा थांबणार हाय का? कोल्हापूरच्या माणसाला रस्सा मोजून दिला तर तो पुन्हा पायरी चढणार नाही, हे मी गल्ल्यावर बसून सांगते.

माझं म्हणणं, गोष्ट जेवणाच्या आधी आणि मधे दाखवा, जेवताना नको. सुरुवातीला फक्त पांढरा रस्सा द्या, रुंद पांढऱ्या वाडग्यात. अळणी पाणी, नारळाचं दूध, खसखस, यानं तो असा दाट आणि पांढरा असतो की त्यावर चित्र पडेल बघा. घरी पोरानं मोबाईलची बॅटरी मारली होती तर वाडग्यात नुसतं चांदणं. तांबड्यावर तसं होत नाही, वरच्या कटावर उजेड नुसता चमकतो आणि खाली गडप. मग शेवटी ताट येऊ द्या, दिवे लावा आणि माणसाला निवांत जेवू द्या. रस्सा किती लागेल तेवढा.

उजेडवाला

काकी, हे मला सुचलंच नसतं. पांढऱ्या रश्शावर चित्र, नाद खुळा! दाट असल्यामुळं ते चित्र वरच्या थरावरच धरणार, पाण्यागत आरपार जाणार नाही. फक्त वाफ निघायला लागली की चित्र जरा हलतं, पण ते तर अजून भारी दिसेल. आणि हो, फोडणीचा धूर वरच्या लेन्सवर बसतो, म्हणून स्वयंपाकघर त्या हॉलच्या बाजूला नको.

शाहूपुरी_पाचवी

मला काळजी गोष्टीची वाटते. मशीन भाड्यानं मिळेल, गोष्ट भाड्यानं मिळत नाही. टोकियोत गिंझाला टीमलॅब नावाच्या डिजिटल कलाकारांच्या गटानं 2017 साली आठ जणांची एक खोली केली, तिथं ताटली टेबलावर ठेवली की त्यातलं जग टेबलभर पसरतं, आणि एका ताटलीतला पक्षी दुसऱ्याच्या ताटलीतल्या झाडावर जाऊन बसतो. म्हणजे शेजारच्याच्या ताटलीत काय आहे त्यावर तुमच्यासमोर काय दिसणार ते ठरतं. शांघायला शेफ पॉल पेरे यांनी 2012 साली सुरू केलेलं अल्ट्राव्हायोलेट हॉटेल, 2025 साली बंद झालं ते, दहाच जणांचं टेबल, वीस पदार्थ, प्रत्येक पदार्थाला भिंतीवरची चित्रं, आवाज, वास सगळं वेगळं असायचं. दोन्हीकडची चित्रं त्या पदार्थातनंच निघालेली.

तुम्ही जर पन्हाळा दाखवून खाली मटण ठेवलं तर तो देखावा झाला, जेवण नाही. मिरची दाखवा. संकेश्वरीची वेल नसते झाड असतं हे आजच्या पोरांना कुठं माहीत. ती वाळत घातलेली, खोबरं भाजलेलं, कांदा-लसूण चटणी कुटताना उडालेली, आणि शेवटी ती लाली वाडग्याच्या काठापर्यंत चढत आलेली. किंवा खासबागेतला बोटभर पैलवान, 1912 पासनंच्या त्या मैदानातनं सुटून गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीची धार काढून प्यायला निघालाय, आणि तिथं पोचला की समोर खरा दुधाचा पेला. यातलं सगळं आपल्याकडं अजून चालू हाय, कुठनं आणावं लागत नाही.

आणि चित्रं संगणकानं गुळगुळीत करू नका. बाबूराव पेंटर याच गावचे, नाटकांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाकडं वळले आणि कॅमेराही स्वतः बनवला. इथल्या चित्रकला कॉलेजातल्या पोरांकडनं हातानं रंगवून घ्या. त्यांना काम मिळेल, आणि तुमचं टेबल दुबईच्या टेबलागत दिसणार नाही, जे मला फार गरजेचं वाटतं.

जाईची_आई

मी येईन, पण काही गोष्टी आधी स्पष्ट पाहिजेत. पूर्ण अंधार नको, सासूबाईंना मोतीबिंदूनंतर अंधारात पायरी दिसत नाही, त्यामुळं जिन्यात आणि खुर्चीपाशी उजेड हवाच. आवाज बेताचा, नाहीतर शेजारी बसून एकमेकांशी बोलताच येत नाही, मग घरचे सगळे मिळून जाण्यात अर्थ काय. आणि सोमवार, गुरुवार, शनिवार, श्रावण, याचं काय करणार? आमच्या घरात निम्मी माणसं वार पाळतात. त्या दिवशी अख्खा मसूर, भरलं वांगं, असा शाकाहारी खेळ असला तर ती गोष्टही तेवढीच मन लावून केलेली पाहिजे, मटणाच्या गोष्टीतनं मटण काढून पनीर ठेवलं असं नको.

किंमत जास्त असली तरी वर्षातनं एकदा वाढदिवसाला परवडते. पण एकदा बघितलेली गोष्ट परत बघायला कुणी येत नाही, म्हणून ती बदलत राहायला लागेल.

रंकाळावेस

सगळ्यांचे मनापासून आभार, मी आणि मित्र रात्री सगळं दोनदा वाचलं. काकींचं पटलं, रस्सा मोजून द्यायचा नाही हे ठरलं. लगेच हॉटेल टाकत नाही, आधी प्रोजेक्टर भाड्यानं घेऊन एकच गोष्ट करतो, मिरचीची, आणि घरच्याच आठ जणांना बसवून बघतो. त्यात जाईच्या आईंच्या सासूबाई आल्या तर फार बरं होईल, जिन्यातला उजेड त्यांच्याच डोळ्यांनी तपासून घेऊ. काकी, पांढरा तुमच्याकडनंच घेणार, नाही म्हणू नका.

खानावळवाल्या_काकी

घेऊन जा की. पण वाडगे आधी माझ्याकडं आणून दाखव, उथळ असले तर लगेच गार होतो आणि गार पांढऱ्यावर साय धरते.

उजेडवाला

उद्या हॉलची उंची मोजून टाक, आणि पंखा नेमका कुठं हाय तेही सांग. मधोमध असला तर आधी तो काढायला लागेल, पात्याची सावली टेबलभर फिरत राहील.