मदत हवी आहे: झाकलेली रोपे गोठली आणि उघड्यावरची वाचली, असे का झाले असावे?

नमस्कार. थंडीच्या दिवसांत भाजीचे वाफे चालू ठेवण्याचा हा माझा दुसरा हिवाळा आहे. यंदा जे घडले त्याचा उलगडा मला होत नसल्यामुळे थोडे सविस्तर लिहून जाणकारांचे मार्गदर्शन मागत आहे.

माझ्याकडे प्रत्येकी ३ मीटर लांबीचे दोन वाफे आहेत. पहिला वाफा बागेच्या उताराच्या तळाशी, दाट कुंपणाला लागून आहे, आणि दुसरा वरच्या बाजूला, दिवसभर ऊन खाणाऱ्या भिंतीजवळ आहे. दोन्हींत एकाच दिवशी पालक आणि गाजराचे बी पेरले आणि कोबीची रोपे लावली. थंडी वाढू लागली तेव्हा पहिल्या वाफ्यावर वाकवलेल्या कांबींचे सांगाडे उभे करून त्यांवर पारदर्शक प्लास्टिक ताणले, कडा मातीने घट्ट दाबल्या आणि आत कोरड्या गवताचा सुमारे १० सेंटिमीटर जाडीचा थर दिला. प्लास्टिक पुरले नाही म्हणून दुसरा वाफा तसाच उघडा राहिला, आणि खरे सांगायचे तर त्याची आशा मी सोडून दिली होती.

गेल्या आठवड्यात निरभ्र आकाशाच्या आणि वारा पूर्ण पडलेल्या एका रात्री, डोक्याच्या उंचीवर टांगलेल्या तापमापकात पारा उणे ४ अंशांवर उतरला. सकाळी झाकलेल्या वाफ्यातील कोबीची पाने काचेसारखी पारदर्शक दिसत होती आणि दुपारपर्यंत ती काळवंडून लोंबू लागली. पालकही बराचसा आडवा झाला. उघड्या वाफ्यातील पानांवर मात्र पांढरा थर जमून ती ताठरली होती, तरी ऊन वर आल्यावर काहीच न झाल्यासारखी पूर्ववत झाली.

आणखी तीन गोष्टी नोंदवतो, कारण दोष बहुधा त्यांतच असावा. दुपारी प्लास्टिकच्या आतील तापमान २७ अंशांपर्यंत जात असे, बाहेर ते ६ असतानाही. पाणी गोठेल या भीतीने मी पहिल्या वाफ्याला जवळजवळ तीन आठवडे पाणी दिले नव्हते. शिवाय वाढ मंदावल्यासारखी वाटली म्हणून त्यालाच युरियाची एक मात्रा दिली होती.

माझे प्रश्न असे: झाकणे मुळातच चुकीचे होते काय? थंडीत पाणी द्यावे की देऊ नये? गोठलेली रोपे उपटून टाकावीत काय? आणि दोन्ही वाफ्यांतील गाजर महिनाभर एका बोटानेही वाढलेले नाही, ते मेले असे समजावे काय?

पहिला प्रतिसाद

आपण नोंदी ठेवल्या आहेत म्हणून उत्तर देणे शक्य होत आहे. अन्यथा अशा प्रश्नांवर केवळ अंदाजच बांधावे लागतात.

झाकणे चूक नव्हते, दिवसा झाकून ठेवणे चूक होते. कोबी, पालक यांसारख्या भाज्या थंडीची सवय एकदम करून घेत नाहीत. दिवसेंदिवस गारवा वाढत गेला की त्यांच्या पेशींत साखर साठते, पेशीतील पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो आणि बर्फ तयार झालाच तर तो पेशीच्या आत न होता पेशींमधल्या मोकळ्या जागेत होतो. अशा रीतीने काटक झालेला पालक उणे ६ ते ७ अंशांची रात्रही काढतो. आपल्या झाकलेल्या रोपांना रोज दुपारी २७ अंशांची ऊब मिळाल्याने ती लुसलुशीत राहिली, त्यात युरियाने त्यांची पाने आणखी कोवळी केली, आणि मग एकाच रात्री त्यांच्यावर संपूर्ण हिवाळा कोसळला. उघड्या वाफ्याला तो हप्त्याहप्त्याने मिळाला होता. निरभ्र दिवशी ऊन चढले की दोन्ही टोके उघडावीत आणि ऊन कलू लागताच बंद करावीत. हा नेम कंटाळवाणा असला तरी त्याला सोपा पर्याय मला सापडलेला नाही.

थंड जमिनीत नत्र उपलब्ध करून देणारे जिवाणू जवळजवळ थंडावलेले असतात, आणि खतामुळे थोडीफार वाढ झालीच तर ती नेमकी नको तेव्हाची असते. त्यामुळे खत वसंत ऋतूपर्यंत ठेवून द्यावे.

पाण्याबाबतची आपली भीती समजण्यासारखी आहे, परंतु परिणाम उलट झाला. ओली माती कोरड्या मातीपेक्षा दिवसा अधिक उष्णता साठवते आणि रात्री ती वर सोडते. आपली माती कोरडी होती आणि तिच्यावर गवताचा थर होता, म्हणजे जमिनीत जी थोडी ऊब होती तीही खालीच अडकली आणि पाने थंड हवेत राहिली. कडाक्याची रात्र अपेक्षित असेल तर आदल्या दिवशी सकाळी, पानांवर न पाडता, मातीला पाणी द्यावे.

गोठलेल्या कोबीचा गाभा दाबून पाहावा. तो घट्ट आणि हिरवा असेल तर रोप राहू द्यावे, पण लिबलिबीत झालेली पाने कापून काढावीत, नाही तर बंद दमट हवेत त्यांवर करडी बुरशी धरते आणि ती शेजारच्या रोपांवर जाते. पाने गोठलेली असताना त्यांना हात मात्र लावू नये.

दुसरा प्रतिसाद

वरील मताशी सहमत आहे, परंतु जागेचा मुद्दा राहून गेला. थंड हवा जड असल्याने ती पाण्यासारखी उताराने खाली वाहते, आणि आपले कुंपण तिला बांध घातल्याप्रमाणे अडवते. पहिला वाफा त्या तळ्यातच आहे. कुंपणाच्या बुडाशी हवा जायला फट ठेवता आली तर पाहावे, नाही तर तिथे हिवाळ्यात लसूण लावावा. त्याच्या पाकळ्या नीट सुट्या होण्यासाठी त्याला काही आठवड्यांची थंडी लागतेच.

गाजर मेलेले नाही. दिवसाचा उजेड १० तासांच्या खाली गेला की ऊब कितीही दिली तरी बहुतेक भाज्यांची वाढ नावापुरती उरते. थंडीतली बाग ही वास्तविक थंडीच्या आधीच वाढवून ठेवायची असते, हे मलाही दोन हंगाम वाया गेल्यावर कळले. आपले ते जाड गवत कोबीवरून काढून गाजरावर घाला. मुळे जमिनीतच ठेवता येतील आणि गोडही होतील.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. काल रात्री दोन तापमापक पानांच्या उंचीवर ठेवून पाहिले. आकाश पुन्हा निरभ्र होते. दिवसा टोके उघडी ठेवून संध्याकाळी बंद केली होती, तरीही पहाटे प्लास्टिकच्या आत उणे ५ आणि बाहेर, त्याच वाफ्याशेजारी, उणे ४ असे आकडे मिळाले. झाकणाच्या आत बाहेरच्यापेक्षा अधिक थंडी, हे कसे शक्य आहे? तापमापकांची अदलाबदल करूनही फरक तोच राहिला.

पहिला प्रतिसाद देणारे

आपले तापमापक बरोबर आहेत. साधे पॉलिथिन जमिनीतून निघणारी उष्णता काचेसारखी अडवून धरत नाही, ती बरीचशी आरपार आकाशात निघून जाते. बाहेर हवेची थोडीशी जरी हालचाल असली तरी वरची उबदार हवा खाली मिसळते. आत ती मिसळू शकत नाही. त्यामुळे शांत, निरभ्र रात्री आत एखादा अंश कमी भरणे हा नेहमीचा अनुभव आहे. त्याच कारणाने आपला डोक्याच्या उंचीवरचा तापमापक जमिनीलगतच्या हवेपेक्षा दोन-तीन अंश जास्त दाखवत असणार.

उपाय सोपा आहे. सूर्य मावळण्याच्या सुमारास प्लास्टिकवर जुनी गोधडी किंवा चादर टाकावी आणि सकाळी काढावी. प्लास्टिकऐवजी न विणलेले पांढरे क्रॉप कव्हर (पिकावर घालायचे हलके कापड) मिळाले तर दिवसा गुदमरण्याचा प्रश्नच बराच कमी होतो. कोणतेही आवरण पानांना टेकू देऊ नये. जिथे टेकते तिथे पान हमखास भाजल्यासारखे होते.

प्रश्नकर्ता

आज संध्याकाळीच गोधडी घालतो. शेवटची एक शंका आहे. ट्रेमध्ये कांद्याची रोपे तयार आहेत, काही सुतळीएवढी बारीक तर काही पेन्सिलीहून जाड. ती भिंतीजवळच्या वाफ्यात आता लावावीत काय?

दुसरा प्रतिसाद देणारे

बारीक असलेली लावावीत. जाड रोपांना दीर्घकाळ थंडी लागली की त्यांना पुढे डेंगळे (फुलांचे दांडे) येतात आणि कांदा पोसत नाही, त्यामुळे ती आताच पातीसाठी कापून वापरावीत. लावल्यानंतर कडाका पडून माती गोठली आणि सैल झाली तर ती रोपांना वर उचलते. तेव्हा दर चार-पाच दिवसांनी, माती मऊ असताना, उघडी पडलेली मुळे बोटाने पुन्हा दाबावीत.