मदत हवी आहे: हाँगकाँगने १८८६ साली चीनशी अफूच्या जकातीचा करार का केला?

माळव्याच्या अफूवर दिवाळी अंकासाठी लेख लिहितोय. इंदूर-उज्जैनकडच्या पेट्या, मुंबईतला पासाचा कर, इथवर जमलं. पेट्या हाँगकाँगला उतरल्या की माझं घोडं अडतं.

हाँगकाँग मुक्त बंदर. तिथली अफू गलबतांतून ग्वांगडोंगच्या किनाऱ्यावर चोरून जायची, म्हणून १८६७-६८पासून कँटनच्या अधिकाऱ्यांनी बंदराभोवती नाकी आणि गस्ती बोटी बसवल्या. हाँगकाँगचे व्यापारी याला नाकेबंदी म्हणत आणि वर्षानुवर्षं बोंब मारत. शेवटी ११ सप्टेंबर १८८६ला करार झाला. वाटाघाटींत चीनकडून तिथल्या सागरी जकात खात्याचे प्रमुख सर रॉबर्ट हार्ट आणि अधिकारी शाओ यौलियान, हाँगकाँगकडून न्यायाधीश जेम्स रसेल.

चोरट्या मालावर कमावणारं बंदर सही करायला तयार कसं झालं? आणि पोर्तुगीजांचं मकाव सामील झालं तरच करार लागू, ही अट कशासाठी?

प्रतिसाद १
मकावचं आधी सांगतो, खरी गंमत तिथे आहे. नुसत्या हाँगकाँगने दार लावलं असतं तर तीच गलबतं खाडीपलीकडे मकावला लागली असती. धंदा गेला आणि चोरीही थांबली नाही, असं झालं असतं. या अटीमुळे चीनला पोर्तुगालची मनधरणी करावी लागली. पोर्तुगालने पुरेपूर वसूल केलं: मार्च १८८७मध्ये लिस्बनला मसुदा, डिसेंबरात पेकिंगला तह, आणि मकाववर कायमचा ताबा व कारभार मान्य. चीनच्या संमतीशिवाय ते दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही, एवढीच मेख.

सही करायला लावली ती मुख्यतः लंडनने. ब्रिटन आणि चीनमधल्या १८७६च्या चीफू करारातच हाँगकाँगसाठी आयोग नेमायचं ठरलं होतं. १८८६च्या सहीच्या बदल्यात चिनी नाक्यांविरुद्धच्या गलबतांच्या तक्रारींची चौकशी होणार होती. अफूच्या जकातीचे परवाने विकणारी कचेरी हार्टच्या खात्याची, कौलूनच्या बाजूला पण चिनी हद्दीत. एप्रिल १८८७मध्ये ती सुरू झाली. हाँगकाँगने आपल्याकडे एका पेटीपेक्षा कमी अफूची ने-आण बंद केली. माझ्या मते सगळ्यात मर्मावर घाव घालणारं कलम हेच, कारण चोरी चिल्लर मालातच सोपी.

धागाकर्ता
आभार! अफूवर चीनची जकात ११० ताएल (ताएल म्हणजे चांदीचं चिनी माप), ती पेटीमागे का?

प्रतिसाद १
१०० कॅटींमागे, म्हणजे एका पिकुलला (दोन्ही चिनी वजनं). ३० आयात जकात, ८० लिकिन, म्हणजे चीनमधला अंतर्गत वाहतूक कर. हे १८८५च्या पुरवणी कलमात ठरलं. माळव्याची पेटी साधारण पिकुलभर, बंगालची जास्त भरायची. तुमचा लेख माळव्याचाच आहे, तेव्हा 'पेटीमागे' लिहिलंत तरी चालून जाईल.

प्रतिसाद २
दमण विसरू नका. इंग्रजांनी सिंध घेईपर्यंत माळव्याची बरीच अफू त्याच पोर्तुगीज बंदरातून मकावला जात होती.