लेझीमच्या दोन मुलांना पुरळ: शनिवारच्या तालमीला घ्यायचं का?

मंडळी,
दोघांचेही फोटो सकाळच्या मेलमध्ये आहेत. ताप नाही, खाणंपिणं ठीक, खाज मात्र खूप. एका घरी कांजिण्या म्हणतात, दुसरीकडे उष्णता. हॉलमध्ये एक गरोदर आईही असते. पालकांना आज रात्री निरोप द्यायचाय.
– सुजाता

सुजाता,
कांजिण्या असत्या तर एकाच वेळी काही लाल पुटकुळ्या, काही पाणी भरलेल्या, काही खपली धरलेल्या दिसल्या असत्या, आणि डोक्याच्या केसांतही. ते पाहून घ्या. असल्याच तर सगळ्या फोडांवर खपली येईपर्यंत घरी, म्हणजे साधारण 5 दिवस. त्यात आयबुप्रोफेन अजिबात देऊ नका, पॅरासिटामॉल चालतं.
कुठलंही पुरळ असो, पारदर्शक काचेचा पेला त्यावर घट्ट दाबून बघा. दाबूनही डाग फिका पडत नसेल तर थेट 999 (ब्रिटनमधला आणीबाणीचा नंबर). आपल्या मुलांच्या सावळ्या कातडीवर डाग पटकन दिसत नाहीत, म्हणून तळहात, तळपाय, पापणीची आतली बाजू आणि तोंडातला टाळू तपासा.
– मीरा

मीराताईंचं पटलं, पण मंडळाने एकच नियम ठेवावा: पुरळ आलं की घरी. कोणी कुठले फोड मोजत बसायचं?
– अविनाश

अविनाशदादा, तो नियम चालणार नाही. हँड-फूट-माउथ (हात, पाय आणि तोंडात फोड येणारा विषाणूचा आजार) असलेलं मूल बरं वाटत असेल तर शाळाही घेते. स्लॅप्ड चीकमध्ये (गाल लालबुंद करणारा विषाणूचा आजार) गाल लाल होईपर्यंत संसर्गाचा काळ संपलेला असतो. उलट स्कार्लेट फीव्हरमध्ये (घसादुखी आणि लाल पुरळ आणणारा जिवाणूंचा आजार) अँटिबायोटिक सुरू करून 24 तास, इम्पेटिगोमध्ये (कातडीवर खपल्या धरणारा जिवाणूंचा संसर्ग) 48 तास आणि गोवरात पुरळ उठल्यापासून 4 दिवस घरी. सरसकट नियम केला की पालक सांगायचंच बंद करतात, हा खरा धोका.
गरोदर आईंना मात्र आजच कळवा. भारतात वाढलेल्या पुष्कळ जणांना लहानपणी कांजिण्या झालेल्या नसतात. संपर्क आला असेल तर मिडवाइफ (प्रसूतीची परिचारिका) किंवा जीपीला (फॅमिली डॉक्टरला) त्याच दिवशी फोन. स्लॅप्ड चीकलाही तेच.
– रोहिणी

फोटो मोठे करून पाहिले. दोघांचंही पुरळ बेंबीखाली आडव्या पट्टीत आणि दंडावर गोल. बाकी पाठ स्वच्छ. विषाणूचं पुरळ सहसा असं सरळ रेषेत येत नाही. हे कमरपट्टा आणि बाजूबंदाचं काम दिसतंय, निकेल या धातूची ॲलर्जी. घामाने निकेल सुटतं, आणि खाज 1 ते 3 दिवसांनी येते, म्हणून संबंध लक्षात येत नाही. शनिवारी घातलं की सोमवार-मंगळवारी पुरळ. कधीकधी पट्ट्याचा स्पर्शही नसलेल्या कोपरा-गुडघ्यांवर बारीक पुटकुळ्या येतात, त्यामुळे ‘अंगभर’ वाटतं.
– मीरा

कमरपट्टे तेच आहेत, दरवर्षीचे. वेशभूषेवर ढकलू नये. आत्तापर्यंत तक्रार नव्हती.
– शैला

शैलाताई, दोष कुणाचाच नाही. ही ॲलर्जी पुन्हापुन्हा संपर्क येऊन तयार होते, म्हणून ‘इतकी वर्षं काही झालं नाही’ हे खरंही असतं आणि तरी आता होतं. पट्ट्याची मुलामा उडालेली, पिवळट-राखाडी दिसणारी आतली बाजू बघा. निकेल तपासायचं किट ऑनलाइन मिळतं: कापसाच्या काडीवर थेंब घ्या, धातूवर 30 सेकंद घासा, गुलाबी झालं की निकेल आहे. पारदर्शक नेलपॉलिशचा थर घामाने आणि घासून निघतो, त्यावर भिस्त नको. आतून सुती अस्तर शिवा, हुक झाकलं जाईल असं.
– रोहिणी

लावायचं काय?
– सुजाता

धातू दूर ठेवायचा आणि साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर दिवसातून 3-4 वेळा. हायड्रोकॉर्टिसोन 1% फार्मसीत मिळतं, पण 10 वर्षांखालच्या मुलांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. हळद-चंदनाचा लेप दाखवायला नेण्याआधी तरी नको, खालचा रंगच कळत नाही. आणि भारतातून आणलेल्या ‘सगळ्यावर चालते’ त्या ट्यूबा नकोतच. त्यांत बहुधा जोरदार स्टेरॉइड असतं. नायटा असला तर खाज थांबते, कडा पुसट होतात आणि नायटा पसरतो, मग ओळखणं अवघड.
– मीरा

सुजाता, दोघांनाही शनिवारी येऊ दे, पट्टा-बाजूबंद न घालता. पट्टे शुक्रवारी संध्याकाळी माझ्याकडे पोचते करा. अस्तराला जुन्या सुती साड्या लागतील, ज्यांच्याकडे असतील त्यांनी द्याव्यात. रंगीत नकोत, घामाने रंग जातो.
– शैला